हिप-हॉपचा चरित्रपट बखरीसारखा कसा तपासायचा

बखर हातात आली की जुने अभ्यासक आधी मजकुरात शिरत नसत. ती कुणी लिहिली, कुणी लिहवून घेतली आणि घटनेनंतर किती वर्षांनी, हे बघत. मल्हार रामराव चिटणिसांनी साताऱ्यात शिवचरित्राची बखर लिहिली ती १८१० च्या सुमारास, म्हणजे महाराज जाऊन सव्वाशे वर्षं उलटल्यावर. तिच्यातलं सगळं खोटं असं नाही, पण तिच्यावरून तारीख ठरवायची नसते. तारखेसाठी इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारखी माणसं पत्रांची दप्तरं धुंडाळत फिरली. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईला सापडलेल्या पत्रांवर.

हिप-हॉप कलावंतावरचा चरित्रपट ही बखरच असते. सातारा-सांगलीकडे मंडळ करून चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी आणि पुढेमागे आपल्याच गावच्या रॅपरवर चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी ही पद्धत लिहिली आहे. एका चित्रपटाला दोन माणसं लावलीत तर साधारण तीन रविवार जातात. एकट्याने करू नका. एकाने पडदा बघायचा, दुसऱ्याने कागद.

आधी श्रेयनामावली

चित्रपट लावण्यापूर्वी शेवटची नामावली लावा आणि निर्मात्यांची नावं वहीत उतरवा. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ हा २०१५ चा चित्रपट एनडब्ल्यूए या कॅलिफोर्नियातल्या रॅप गटावर आहे. निर्मात्यांत आइस क्यूब आणि डॉक्टर ड्रे हे गटातले दोघे, शिवाय गटातल्याच, वारलेल्या ईझी-ईची पत्नी. आइस क्यूबची भूमिका त्याच्याच मुलाने केली. ‘नोटोरियस’ हा २००९ चा चित्रपट न्यूयॉर्कच्या बिगी या रॅपरवर. निर्मात्यांत त्याची आई आणि त्याचे व्यवस्थापक, कार्यकारी निर्माता त्याच्या ध्वनिमुद्रण कंपनीचा मालक शॉन कोम्ब्ज. बिगीची सहकारी रॅपर लिल किम हिने आपल्या चित्रणावर उघड नाराजी व्यक्त केली. ती निर्मात्यांच्या यादीत नव्हती.

आता तीन रकाने आखा: निर्मात्याच्या खुर्चीतले, जिवंत पण खुर्चीबाहेरचे, आणि वारलेले ज्यांच्या बाजूने बोलायला कुणी नाही. प्रत्येक पात्र एका रकान्यात जातं. पहिल्या रकान्यातलं पात्र चूक करून पस्तावताना दिसलं तर तो प्रसंग बहुधा खरा असतो, कारण स्वतःविरुद्ध साक्ष कुणी फुकट देत नाही. दुसऱ्या रकान्यातलं पात्र खलनायक झालेलं दिसलं की पेन्सिलीने खूण करा. एनडब्ल्यूएचा व्यवस्थापक जेरी हेलर याच रकान्यातला. त्याने ऑक्टोबर २०१५ मध्ये ११ कोटी डॉलरचा बदनामीचा दावा लावला. बहुतेक मुद्दे न्यायालयाने फेटाळले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये तो वारला. दावा फेटाळला म्हणजे चित्रपट खरा ठरला असं मात्र नाही. बदनामीच्या कायद्याची कसोटी वेगळी, इतिहासाची वेगळी.

नामावलीतच बारीक अक्षरातला खुलासा असतो, तोही उतरवा. ‘सत्यघटनेवर आधारित’, ‘प्रेरित’ आणि ‘काल्पनिक’ हे तीन वेगळे दावे आहेत. रॅपर एमिनेमने काम केलेल्या ‘८ माइल’मधला नायक एमिनेम नाही, जिमी स्मिथ आहे, त्याच्या आईचं नाव एमिनेमच्या आईशी जुळत नाही म्हणून चूक काढणं म्हणजे नाटकातल्या राजाकडे सातबारा मागण्यासारखं. तिथे एवढंच तपासा की १९९५ चं डेट्रॉइट १९९५ चं वाटतं का. ‘गली बॉय’ही तसाच. तो डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या रॅपरांवरून सुचलेला आहे, त्यातला नायक मुराद त्या दोघांपैकी कुणीच नाही. नेझीने आयपॅडवर ‘आफत’ हे गाणं केलं हे खरं, पण ते मुरादच्या खात्यावर लिहू नका.

कालपट चित्रपटाच्या आधी करायचा

इथे बहुतेक जण उलटं करतात. चित्रपट बघतात आणि त्यात दिसलेल्या गोष्टी शोधतात. त्यामुळे जे दाखवलंय तेवढंच तपासलं जातं आणि जे गाळलंय ते कायमचं सुटतं. म्हणून चित्रपट न बघता बाहेरच्या कागदांवरून एका पानाचा कालपट करा. वीस ते पंचवीस नोंदी पुरतात: जन्म, पहिलं ध्वनिमुद्रण, प्रत्येक अल्बम, अटक, खटला, मारहाण, भांडण, मृत्यू.

तुपाक शकूर या रॅपरसाठी तो असा सुरू होईल: १६ जून १९७१ जन्म, न्यूयॉर्क. ३० नोव्हेंबर १९९४, न्यूयॉर्कच्या क्वाड स्टुडिओत त्याच्यावर गोळीबार. फेब्रुवारी १९९५ शिक्षा. १४ मार्च १९९५, तुरुंगात असतानाच अल्बम. ऑक्टोबर १९९५, १४ लाख डॉलरच्या जामिनावर सुटका. १३ फेब्रुवारी १९९६ पुढचा अल्बम. ७ सप्टेंबर १९९६ लास व्हेगासला गोळ्या, १३ सप्टेंबरला मृत्यू. सुटका ते मृत्यू यात अकराच महिने आहेत. हे पान समोर असलं की पडद्यावर ‘काही वर्षांनंतर’सारखं काही जाणवलं तर लगेच टोचतं.

कालपट करताना चार ठिकाणी हमखास घसरायला होतं.

अमेरिकन तारखेत महिना आधी येतो. ८/१/८९ म्हणजे ८ जानेवारी नाही, १ ऑगस्ट. एनडब्ल्यूएच्या पोलिसांविरुद्धच्या गाण्यावरून एफबीआयने त्यांच्या वितरक कंपनीला पाठवलेलं प्रसिद्ध पत्र नेमकं या तारखेचं आहे, त्यामुळे आपल्याकडे ते सात महिने मागे सरकण्याचा धोका असतो. वहीत महिना नेहमी अक्षरात लिहा.

दुसरं, वेळेचा फरक. तुपाकला गोळ्या लागल्या तेव्हा लास व्हेगासला ७ तारखेची रात्रीची सव्वाअकरा होती. आपल्याकडे ८ तारखेची दुपार होत आली होती. भारतीय वर्तमानपत्रात बातमी त्यानंतरची सापडेल. ती तारीख घटनेची म्हणून धरायची नाही.

तिसरं, नावं. न्यायालयाच्या कागदात ईझी-ई सापडत नाही, एरिक राइट सापडतो. ड्रे म्हणजे आंद्रे यंग, क्यूब म्हणजे ओशे जॅक्सन, बिगी म्हणजे ख्रिस्तोफर वॉलेस. तुपाकचं जन्मनाव लेसेन पॅरिश क्रुक्स होतं. नेझी म्हणजे नावेद शेख, डिव्हाइन म्हणजे विवियन फर्नांडिस. टोपणनावाने शोधून ‘कागद मिळत नाही’ म्हणणारे पुष्कळ असतात.

चौथं, छायाचित्र. इंटरनेटवर ‘१९८८ मधला आइस क्यूब’ शोधलं की त्याच्या मुलाचे चित्रपटातले फोटो येतात आणि बापलेक दिसतात सारखे. फोटो कुठल्या मासिकात, कुठल्या महिन्यात छापून आला हे सापडल्याशिवाय पुरावा म्हणून चिकटवू नका.

कागद कुठे मिळतात

यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. ‘बिलबोर्ड’, ‘स्पिन’, ‘वाइब’ या मासिकांचे जुने अंक गूगल बुक्सवर पूर्ण पानांसह फुकट वाचता येतात. जाहिरातीसुद्धा, आणि कार्यक्रमाच्या तारखा बऱ्याचदा जाहिरातीतच मिळतात. एफबीआयच्या ‘व्हॉल्ट’ या संकेतस्थळावर बिगी आणि तुपाक यांच्यासंबंधीची कागदपत्रं आहेत, नावं काळी करून. कॉर्नेल विद्यापीठाच्या हिप-हॉप संग्रहात ब्रॉन्क्समधल्या पार्ट्यांची जुनी पत्रकं पाहायला मिळतात. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची १९७८ पासूनची सूची खुली आहे, गाण्याचा नोंदलेला लेखक तिथे सापडतो. तबकडीच्या आवृत्त्यांसाठी डिस्कॉग्ज, उसन्या घेतलेल्या सुरावटींसाठी हू-सॅम्पल्ड. ही शेवटची दोन लोकांनी भरलेली आहेत, म्हणून धागा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नाही.

पुराव्याच्या तीन पायऱ्या करा. अस्सल: त्याच आठवड्यातलं वर्तमानपत्र, न्यायालयाचा कागद, पत्र, अल्बमच्या वेष्टनावरची श्रेयं, घटना घडतानाच घेतलेली चित्रफीत. दुय्यम: दोन-तीन वर्षांच्या आतली मुलाखत. सांगोवांगी: वीस वर्षांनंतरचं आत्मचरित्र, पॉडकास्ट आणि चाहत्यांची पानं. ‘सांगोवांगी’ म्हणजे खोटं नव्हे. पण अस्सलशी भांडण झालं तर ते हरतं.

मुलाखतही उलगडून बघावी लागते. १९९५ मध्ये तुपाकच्या तुरुंगातल्या मुलाखतीत एका माणसाचं खरं नाव टाळून ‘नायजेल’ असं बदललेलं नाव छापलं होतं. ‘ऑल आईज ऑन मी’ या तुपाकवरच्या २०१७ च्या चित्रपटात नायजेल नावाचंच पात्र आलं आणि ती मुलाखत घेणाऱ्या लेखकाने आपल्या लिखाणातून उचललं म्हणून खटला गुदरला. मासिकातली सोय पडद्यावर माणूस होऊन चालायला लागली. असं टोपणनाव पुढे तिसऱ्या लेखात ‘खरं नाव’ म्हणून छापून येतं आणि मग दोन साधनं जुळली असं वाटतं. दोन साधनं एकाच विहिरीतून पाणी भरत असतील तर ते एकच साधन.

आणि गाण्याचे शब्द? रॅपर ‘मी’ म्हणतो तेव्हा तो साक्षीच्या पिंजऱ्यात नसतो. लावणीतल्या ‘मी’ला आपण शाहिराची कबुली मानत नाही, तसंच. कॅलिफोर्नियाने तर २०२२ मध्ये कायदाच केला, की गुन्हेगारी खटल्यात कलाकृतीतले शब्द पुरावा म्हणून आणण्याआधी न्यायाधीशाने ते नीट तोलावेत. रस्त्याचं नाव, शाळेचं नाव असं काही गाण्यात असेल तर धागा म्हणून घ्या, त्यापुढे जाऊ नका.

पाहणं दोनदा, वही एकदा

पहिल्यांदा सलग पाहा, काहीही न लिहिता. दुसऱ्यांदा लांब वही घ्या, आडवी धरा आणि पाच रकाने आखा: तास-मिनिट-सेकंद, चित्रपट काय म्हणतो, दाव्याचा प्रकार, कागद काय म्हणतो, निकाल. इंग्रजी उपशीर्षकांची वेगळी फाइल मिळाली तर निम्मं काम वाचतं. ती साध्या मजकुराची असते, प्रत्येक संवादाला वेळ जोडलेली. तिच्यात साल, गावाचं नाव, माणसाचं नाव शोधता येतं. कुठली आवृत्ती पाहिली तेही वहीच्या माथ्यावर लिहा. ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ चित्रपटगृहात १४७ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाची आवृत्ती १६७ मिनिटांची आहे. दोघांनी दोन आवृत्त्या पाहिल्या तर वेळेचे आकडे जुळत नाहीत आणि ‘हा प्रसंग नव्हताच’ म्हणून वाद होतो.

अडीच तासांच्या चित्रपटात चाळीस-पन्नास दावे सहज निघतात. सगळे तपासू नका. प्रकारानुसार बारा निवडा: तारीख, जागा, कोण हजर होतं, कोण काय बोललं, वस्तू, गाणं, आणि कारण. यातलं ‘कारण’ सर्वांत महत्त्वाचं आणि सिद्ध करायला सर्वांत अवघड. ‘या भांडणामुळे तो गट सोडून गेला’ हे वाक्य चित्रपट बोलत नाही. दोन प्रसंग एकापुढे एक लावतो आणि आपण ते मनात जोडतो. म्हणून कारणाचा दावा लिहिताना दोन्ही प्रसंगांच्या वेळा लिहा आणि कालपटात त्यांच्यात खरं अंतर किती आहे ते शेजारी मांडा.

खाजगी संवाद तपासायचा नसतो. बंद खोलीत दोघं काय बोलली हे लेखकानेच लिहिलेलं असतं. अपवाद एकच: त्यातलं कुणी जिवंत असेल आणि बोललं असेल तर. ‘ऑल आईज ऑन मी’ लागला त्याच दिवशी तुपाकची मैत्रीण, अभिनेत्री जेडा पिंकेट स्मिथने सांगितलं, की चित्रपटात दाखवलेली कविता तुपाकने तिला कधी वाचून दाखवली नव्हती, लॉस एंजेलिसला जाताना निरोप झाला नव्हता आणि कार्यक्रमाच्या वेळी मंचामागे दाखवलेलं भांडणही झालं नव्हतं. असा जबाब मिळाला की तो त्या रकान्यात जसाच्या तसा घ्या.

गाण्याला तीन तारखा असतात

ध्वनिमुद्रण, प्रकाशन आणि चित्रफीत. चित्रपटवाले या तिन्ही एकमेकींत मिसळतात आणि तपासणारेही. बिगीचं ‘हू शॉट या’ हे गाणं १९९५ च्या सुरुवातीला बाहेर आलं, क्वाडमधल्या गोळीबारानंतर. त्यामुळे ते तुपाकला डिवचण्यासाठी आहे असं ऐकलं गेलं. बिगी आणि कोम्ब्ज यांचं म्हणणं, मुद्रण त्याआधीच झालं होतं. चित्रपटाने हे गाणं गोळीबाराच्या लगेच पुढे लावलं की त्याने एक शब्दही न बोलता बाजू घेतली.

प्रकाशनाची तारीख पारखायची सोपी युक्ती वाराची आहे. नव्वदच्या दशकात अमेरिकेत अल्बम साधारणपणे मंगळवारी निघत. बिगीचा पहिला १३ सप्टेंबर १९९४, दुसरा २५ मार्च १९९७, तुपाकचा १३ फेब्रुवारी १९९६: तिन्ही मंगळवार. या काळातली एखादी तारीख शनिवारी पडली तर आणखी एक कागद शोधा. जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवार झाला. ऐंशीच्या दशकात असा ठरलेला वार धरता येत नाही, आणि तारखाही ढिल्या आहेत. एनडब्ल्यूएच्या गाजलेल्या अल्बमची तारीख काही ठिकाणी ऑगस्ट १९८८ सापडते, काही ठिकाणी जानेवारी १९८९. अशा वेळी एक निवडून ठामपणे लिहू नका, दोन्ही लिहा. ‘बिलबोर्ड’च्या अंकावरची तारीख बाजारात अंक आला त्यापुढची असते, हेही ध्यानात ठेवा.

पार्श्वभूमीला वाजणारं गाणं आणि दृश्यात वाजणारं गाणं यात फरक करा. १९८६ च्या दृश्यावर १९९२ चं गाणं नुसतं मागे वाजत असेल तर ती दिग्दर्शकाची हौस. तेच गाणं गाडीतल्या रेडिओवर लागून पात्राने मान डोलावली तर ती चूक.

वस्तू

हा भाग लोकांना फार आवडतो आणि तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे, म्हणून थोडक्यात. रोलंड टीआर-८०८ हे ढोल-यंत्र १९८० ते १९८३ या काळात तयार झालं, पण सेकंडहॅन्ड बाजारात नंतरही स्वस्तात मिळे, तेव्हा १९८७ च्या खोलीत ते दिसणं बरोबर. आवाजाचे तुकडे उचलून ठेका करणारी यंत्रं (सॅम्पलर) पाहायची तर एसपी-१२०० आलं १९८७ ला, अकाईचं एमपीसी-६० आलं १९८८ ला. त्याआधीच्या दृश्यात ती नकोत. टेक्निक्सची एसएल-१२०० एमके-२ ही तबकडी-यंत्राची जात १९७९ ची. अल्बमवरची काळ्या-पांढऱ्या पट्टीची ‘पालकांना इशारा’ ही ठरावीक छाप १९९० पासूनची. शिकागो व्हाइट सॉक्स या बेसबॉल संघाची काळी टोपी, जुन्या वळणाच्या अक्षरांची, १९९० च्या मोसमाच्या अखेरीस आली. १९८७ म्हणून दाखवलेल्या दृश्यात ती दिसली तर नोंद करा. रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ लॉस एंजेलिसमध्ये १९८२ ते १९९४ च्या मोसमापर्यंत होता. शंभर डॉलरची मोठ्या चेहऱ्याची नोट मार्च १९९६ मध्ये चलनात आली. पैशांची पुडकी उधळायची दृश्यं या चित्रपटांत इतकी असतात, की नोट थांबवून बघायला हरकत नाही.

एक प्रसंग पूर्ण तपासून

‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’मध्ये डेट्रॉइटचा कार्यक्रम आहे. पोलिसांनी बजावलेलं असतं, तरी गट पोलिसांविरुद्धचं आपलं गाणं सुरू करतो. पोलिस मंचाकडे धावतात, पळापळ होते, बाहेर गटाला पकडून गाडीत घालतात आणि जमाव खवळतो.

याचे पाच दावे करा. कार्यक्रम झाला का: हो, ऑगस्ट १९८९, जो लुईस अरीना. गाणं सुरू केलं का: केलं. पोलिस मंचाकडे धावले का: धावले, फटाक्यांसारखे आवाज झाल्यावर. बाहेर अटक आणि दंगल झाली का: इथे चित्रपट सुटला. गट मंचावरून निसटला. पोलिसांनी त्यांना पुढे हॉटेलात गाठलं, विचारपूस केली आणि सोडलं. पाचवा दावा एफबीआयच्या पत्राचा. पत्र खरं आहे, आणि १ ऑगस्टचं म्हणजे या कार्यक्रमाच्या सुमाराचंच. पण ते वाचलंत तर दिसतं, की त्यात गाण्याचं नावसुद्धा नाही आणि कुठली बंदी किंवा आदेशही नाही. एका सहायक संचालकाने कळवलेली नाराजी आहे.

निकाल ‘चूक’ असा एका शब्दात लिहिला तर पाचपैकी चार खऱ्या गोष्टींवर अन्याय होतो, आणि ‘बरोबर’ लिहिलं तर दंगल इतिहासात जाऊन बसते. म्हणून निकालाला पाच शब्द ठेवा: जुळतं, काळ दाबला, माणसं एकत्र केली, रचलं, गाळलं. ‘काळ दाबला’ हा बहुतेक वेळा माफ करण्यासारखा असतो. ईझी-ई २४ फेब्रुवारी १९९५ ला रुग्णालयात दाखल झाला, १६ मार्चला एड्सची बातमी जाहीर झाली, २६ मार्चला तो गेला. हा महिना खरोखरच इतका दाटलेला होता, की चित्रपटाला फारसं दाबावंही लागलं नाही. ‘रचलं’ मात्र पाहावं लागतं: रचल्यामुळे कुणाची प्रतिमा उजळली, कुणाची मळली. डेट्रॉइटची दंगल गटाला अधिक शूर करते. पहिल्या रकान्याकडे बघा.

गाळलेलं

आता एका पानाचा कालपट आणि वही शेजारी ठेवा. कालपटातल्या ज्या नोंदीसमोर वहीत काहीच नाही तिला लाल खूण करा. वेळेअभावी दहा गोष्टी सुटणारच. त्या सगळ्या एकाच माणसाच्या फायद्याच्या असतील तर मात्र थांबा.

जानेवारी १९९१ मध्ये ड्रेने दूरचित्रवाणी निवेदिका डी बार्न्स हिला हॉलिवूडमधल्या एका क्लबात मारहाण केली. खटला झाला, ड्रेने आरोप न लढवता निकाल स्वीकारला. चित्रपटाच्या काळातच ही घटना बसते आणि चित्रपटात ती नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये बार्न्सने याविषयी सविस्तर लिहिलं. या चित्रपटाचा दिग्दर्शक एफ. गॅरी ग्रे तेव्हा तिच्याच कार्यक्रमाचा कॅमेरामन होता, हेही तिने त्यात नोंदवलं. त्यानंतर ड्रेने जाहीर माफी मागितली. गटाच्या सुरुवातीच्या सदस्यांपैकी अरेबियन प्रिन्सला पडद्यावर जवळपास जागा नाही, एमसी रेननेही आपल्याला मागे ढकलल्याची तक्रार केली. पडद्यावरची एकही चौकट यात चुकीची नसते. टोप्या, यंत्रं, नोटा सगळं बिनचूक असूनही चित्रपट खोटा पडू शकतो तो असा.

कार्यक्रमाच्या दिवशी

चित्रपट चालू असताना मध्येच थांबवून चुका सांगू नका, लोक परत येत नाहीत. आधी पाच मिनिटं: कोण कोण निर्माता आहे एवढंच. नंतर एका पानाची मराठी पत्रिका वाटा, बारा दावे आणि बारा निकाल. निकालासमोर साधनाची पायरी लिहा. यातल्या बहुतेक चित्रपटांना प्रौढांचंच प्रमाणपत्र लागतं, तेव्हा महाविद्यालयात दाखवणार असाल तर अकरावी-बारावीच्या मुलांना बसवता येणार नाही. घरच्या ओटीटी खात्यावरून सभागृहात दाखवायची परवानगी त्या खात्यात नसते, वितरकाकडून वेगळी घ्या.

आपल्याच रॅपरवर करायचं असेल तर

सांगली, मिरज, कराड, सातारा इथल्या पोरांची गाणी यूट्यूबवर आहेतच, उद्या कुणी त्यांच्यावर लघुपट करेल. इथे अडचण उलटी असते. कागद कमी, माणसं जिवंत आणि सगळ्यांना ‘साधारण’ आठवतं.

‘कुठल्या वर्षी?’ असं विचारू नका. ‘पूर येऊन गेला होता का?’ असं विचारा. पुरातही दोन आहेत, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. लोक ते सर्रास एकमेकांत घालतात. पुढचा प्रश्न, ‘तोंडाला मास्क होता का?’ की लगेच सुटतं. जिओचं सिम आलं होतं का (सप्टेंबर २०१६), नोटा बदलायची रांग होती का (नोव्हेंबर २०१६), टिकटॉक चालू होतं का (२९ जून २०२० ला बंद). साताऱ्यात पोवई नाक्यावर खोदकाम होतं की खालून गाड्या जायला लागल्या होत्या; तो रस्ता जानेवारी २०२१ ला खुला झाला. याच कारणाने २०१६ चं दृश्य आज पोवई नाक्यावर चित्रित करता येत नाही, कोन बदलून गल्लीत शिरावं लागतं. गाड्यांच्या पाट्या बघा: सांगली एमएच १०, सातारा एमएच ११, कराड एमएच ५०.

फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवू नका. फोटो म्हणून पाठवला की त्यातली काढल्याची तारीख पुसली जाते. मूळ फोनमधून तारेने उतरवा, किंवा मेलने मूळ फाइलच मागवा. पहिल्या गाण्यासाठी ज्या संगणकावर मुद्रण झालं त्यातली प्रकल्पाची फाइल मिळाली तर सोनं. तिच्यावर तयार केल्याची तारीख असते. मात्र ती दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवली की ही तारीखही बदलू शकते, म्हणून आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा. यूट्यूबवरून काढून टाकलेल्या चित्रफितीचं पान वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर सापडतं का ते बघा. चित्रफीत नाही मिळाली तरी शीर्षक आणि तारीख मिळते. स्थानिक दैनिकांच्या सांगली-सातारा आवृत्त्यांची कात्रणं नगर वाचनालयात विचारा, स्पर्धा-कार्यक्रमांच्या दोन ओळीच्या बातम्या तिथेच असतात.

भाषा जपा. २०१५ मधल्या मिरजेच्या पोराच्या तोंडी आजच्या रीलमधली मुंबईची शिवी घातलीत तर गावातला प्रेक्षक पहिल्या मिनिटाला हसेल. त्या वर्षीच्या त्याच्याच जुन्या चित्रफिती ऐका आणि त्याच्या ‘लगा’, ‘भावा’ची यादी करा.

जिवंत माणसाचं नाव वापरताना लेखी संमती घ्या आणि ती पटकथेच्या कुठल्या मसुद्यासाठी आहे ते संमतीपत्रातच लिहा, नाहीतर शेवटच्या मसुद्यावर तो ‘हे मला दाखवलं नव्हतं’ म्हणतो. ज्याचं चित्रण वाईट आहे त्याच्याकडेही जा. तो बोलला नाही तरी विचारल्याची तारीख वहीत ठेवा. बदनामीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, आणि सत्य हा बचाव तिथे लोकहिताच्या अटीसह येतो, नुसतं ‘खरं आहे’ पुरत नाही.

शेवटी बीट, म्हणजे रॅपच्या शब्दांखाली वाजणारं तयार संगीत. गावाकडची बरीच पहिली गाणी इंटरनेटवरून घेतलेल्या भाड्याच्या बीटवर असतात. ते भाडं ठरावीक वेळा ऐकवण्यापुरतं असतं, चित्रपटात वापरण्याचा हक्क त्यात बहुधा नसतो. बीट करणारा परदेशात कुठेतरी बसलेला, मेलला उत्तर यायला महिना लागतो. म्हणून चित्रीकरणाच्या आधी शब्द-चालीचा आणि मुद्रणाचा असे दोन्ही हक्क वेगवेगळे मागा. नाही मिळाले तर दृश्यात त्याला तेच शब्द बीटशिवाय, हाताने बाकावर ठेका धरून म्हणायला लावा, आणि मूळ गाणं भाड्याच्या बीटवर होतं हे नामावलीत एका ओळीत लिहा.